रविवारचं एरंडेल

अप्पा, आज दुपारी नातसुनेचा फोन आला. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, आणि तिचा जन्मच त्यानंतरचा. तिची मुलगी, म्हणजे माझी पणती, चार वर्षांची आहे. नातसून म्हणाली, "आजी, पाच दिवस झाले, हिला शी झालेलीच नाही. बसायला तयारच नाही होत. पाय आवळून पडद्याच्या मागे उभी राहते, और बोलती है, आ ही नहीं रही. तुमच्या वेळी घरी काय देत होते? कुछ तो देते होंगे." मी तिला म्हटलं, थोड्या वेळाने सांगते. फोन ठेवला आणि खाटेच्या काठावर बसून राहिले. पाय आवळून उभी राहणारी मुलगी मी चांगली ओळखते. आपल्या घरी काय देत होते, हेही मला सगळं पाठ आहे. तेच लिहायला बसले आहे. नातसुनेला नाही, तुम्हाला.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाणाओळीतल्या आपल्या भाड्याच्या घरात संडास मागच्या अंगणाच्या टोकाला होता, चार पायऱ्या चढून. खाली पत्र्याचा डबा आणि गल्लीच्या बाजूने त्या डब्यासाठी एक झडप. सफाईला येणारी बाई ती झडप उचलायची आणि डबा ओढून न्यायची. मी पाच वर्षांची असेन. एका सकाळी मी बसलेली असताना झडप उघडली, खालून एकदम उजेड आला, डबा खरखरत सरकला आणि एक हात दिसला. वर कुणी आहे हे त्या बाईला माहीत असायचं कारण नव्हतं. मी ओरडले नाही. उठले, परकर सावरला आणि खाली उतरून आले. त्या दिवसापासून मी धरून ठेवायला शिकले. पुढची चार-पाच वर्षं तुम्ही माझ्या पोटात जे शोधत होतात, त्याचं मूळ इतकंच होतं. दिवसचे दिवस धरून ठेवलं की जे होतं ते दगडासारखं होतं, ते चिरत बाहेर येतं, आणि एकदा चिरलं की पुन्हा बसायची छाती होत नाही. मला कुणी कारण विचारलं असतं तर मी झडपेचं सांगितलं असतं. तुम्ही रोज सकाळी आंघोळ करून, जानवं सारखं करत एवढंच विचारायचात, "झाली का?"

नाही म्हटलं की तुमचा क्रम ठरलेला होता. दोन दिवस नाही झाली तर बाळहिरडा उगाळून. तीन दिवस नाही झाली तर सोनामुखीचा काढा. सोनामुखी तुम्ही दाल बाजारातल्या काष्ठौषधी विकणाऱ्या पंसाऱ्याकडून स्वतः निवडून आणायचात, आईने आणलेली तुम्हाला चालत नसे. रविवारी मात्र झालेली असो वा नसो, एरंडेल. सुंठीच्या गरम काढ्यात ते तरंगत असायचं. आई माझे हात धरायची, तुम्ही नाक दाबायचात, आणि तोंड उघडलं की पेला रिकामा. मग दिवसभर पोटात पीळ. एवढं करून सोमवारपर्यंत काही झालं नाही तर साबण. पेन्सिलींना टोक करायचा तुमचा चाकू टेबलाच्या खणातून निघायचा आणि कपड्यांच्या साबणाची तुम्ही कांडी तासायचात, करंगळीएवढी, एका टोकाला निमुळती. ती इतक्या सावकाश आणि सुबक तासायचात की एरवी मला तुमचे हात बघायला आवडले असते. मी चटईवर पालथी. चिरलेल्या जागी साबण लागला की काय होतं हे तुम्हाला माहीत असतं, तर तुम्ही ते केलं असतंत का, हा प्रश्न मी आयुष्यभर स्वतःला विचारला आहे आणि उत्तर दर वेळी वेगळं आलं आहे.

आणि ते कॅलेंडर. बैठकीत, तुमच्या टेबलाच्या वर. कचेरीतल्या लाल-निळ्या पेन्सिलीने झाली तर निळी रेघ, नाही झाली तर लाल फुली. तुमचे एक स्नेही बसले आहेत, आईने पोहे दिले आहेत, आणि ते सहज विचारतात, "या फुल्या कसल्या हो?" तुम्ही मला हाक मारता. मी दाराशी येते. तुम्ही त्यांना सगळं समजावून सांगता, कुठल्या दिवशी काय दिलं आणि त्याने काय झालं, सरकारी प्रकरण समजावून सांगावं तसं. ते गृहस्थ माझ्याकडे बघत नाहीत, पोह्यांकडे बघतात. त्यांच्या त्या खाली घातलेल्या मानेबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे.

त्या वर्षांत तुमचं काय चाललं होतं ते मला मोठेपणी कळलं. संस्थान विलीन झालं, ग्वाल्हेर-इंदूर मिळून मध्य भारत राज्य झालं, इकडची तिकडची माणसं एका यादीत घालून हुद्दे नव्याने लावले गेले. तुमच्या वडिलांपासून ज्या दालनात आपल्या घराला खुर्ची होती, तिथे तुम्ही आता कागद हातात घेऊन दाराबाहेर उभे राहू लागलात, आणि आत बसलेला माणूस तुमच्याहून दहा वर्षांनी लहान. आई तुमची बाजू घ्यायची. "त्यांच्या डोक्याला फार ताप आहे गं," म्हणायची. असेल. कचेरीत तुमचं कुणी ऐकेनासं झालं होतं, हे मला आज समजतं. पण घरी तुमचं ऐकायला जी सापडली ती सात वर्षांची होती.

राजधानी तेव्हा दोन शहरांत वाटलेली होती. थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. कचेरीच्या पेट्या बांधल्या की तुमचीही वळकटी बांधली जायची, आणि टांगा गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला की आई कॅलेंडर खिळ्यावरून काढून कपाटात ठेवायची. मग आम्ही दोघी जेवायचो, गप्पा मारायचो. ती मला रात्रभर भिजवलेल्या काळ्या मनुका द्यायची, भातावर तूप जरा जास्त सोडायची, आणि मागच्या दाराशी जुना वर्तमानपत्राचा कागद पसरून म्हणायची, "इथेच बस, मी पाठ करून उभी राहते." पंधरा दिवसांत माझं पोट आपलं आपण सुरू व्हायचं. तुम्ही परत यायच्या आदल्या दिवशी ती कॅलेंडर काढून सगळ्या दिवसांवर निळ्या रेघा ओढायची. मध्ये कुठे कुठे एखादी लाल फुली, खरं वाटावं म्हणून. तुम्ही ते बघून म्हणायचात, "बघ, शिस्त लागते आहे." आणि पुढच्या रविवारी एरंडेल.

त्यातल्याच एका हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या मोठ्या जत्रेचं, मेळ्याचं, झालं. तुमचे नवे साहेब इंदूरहून सहकुटुंब आले होते आणि त्यांना मेळा दाखवायचं तुम्ही ठरवलं होतंत. दोन टांगे केले. साहेबांची मुलगी माझ्याएवढी, तिला सोबत म्हणून मला त्यांच्या टांग्यात बसवलं. तुम्ही पुढे टांगेवाल्याशेजारी, आई मागच्या टांग्यात सामानाबरोबर. मला नवा निळा परकर होता. गोरखी वाड्यावरून टांगा वळला तेव्हा साहेबांच्या बायकोने पदर नाकाला लावला. मग त्यांच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग मी परकराकडे पाहिलं. अप्पा, तुम्हाला हे कधीच पटलं नाही म्हणून पुन्हा लिहिते, मला कळलंच नव्हतं. तुम्ही मागे वळलात, पाहिलंत आणि हसलात. तुम्हाला तसं हसताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. "बच्ची का पेट ज़रा ख़राब रहता है," म्हणालात. बाई म्हणाल्या, "कोई बात नहीं, बच्ची ही तो है." त्या मनापासून म्हणाल्या होत्या. तुम्ही टांगा थांबवलात, मला उतरवलंत, मागच्या टांग्यातून आईला उतरवलंत. आम्ही दोघी चालत घरी आलो आणि तुम्ही मेळ्याला गेलात.

दिवेलागणीला परत आलात. टोपी खुंटीला लावलीत आणि माझ्यापुढे उभे राहिलात. "सगळ्या वर्षात तुला आजचाच दिवस सापडला?" मग म्हणालात, "मुद्दाम केलंस." आई म्हणाली, "अहो, लहान आहे ती." तुम्ही म्हणालात, "सात वर्षांची आहे. या वयात मुली चूल सांभाळतात." मग तुम्ही मला तो परकर अंगणातल्या नळाखाली धुवायला लावलात. त्या अंगणात तीन बिऱ्हाडांची दारं उघडत होती. थंडीने माझी बोटं वाकत नव्हती. तुम्ही वरच्या पायरीवर उभे राहून म्हणवून घेतलंत, "पुन्हा करणार नाही." मी म्हटलं. चौथ्या दिवशी पुन्हा झालं. मग आठवड्यातून दोनदा, तीनदा व्हायला लागलं आणि प्रत्येक वेळी नळ, अंगण आणि तेच वाक्य. मी घाणेरडी आहे हे मी तोवर मान्य करून टाकलं होतं. शाळेत मी शेवटच्या बाकावर एकटी बसायला लागले. कुणी बसवलं नव्हतं, माझी मीच गेले.

आता जे लिहिते ते तुम्हाला माहीत नाही. मेळ्याला दीड-दोन महिने झाले असतील. तुम्ही कचेरीत गेला होतात. सफाईला येणारी बाई मागच्या दाराशी थांबली. ती कधी थांबत नसे, तिला थांबू दिलं जात नसे. अंगणाबाहेरूनच ती आईला म्हणाली, "बहूजी, बिटिया को किसी डाक्टरनी को दिखा दो. डब्बे में ख़ून रहता है, कई दिन से." आई म्हणाली, "तुला कसं कळलं तिचंच ते?" ती म्हणाली, "बच्चे का अलग पता चल जाता है. हमारे भी हैं." एवढं बोलून तिने टोपली उचलली आणि गेली. आपल्या घरात माझ्या पोटाची चौकशी रोज सकाळी होत होती. रक्त पाहिलं ते तिने एकटीने.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी मला कुशीवर झोपवलं, आधी स्वतःचे हात गरम पाण्याने धुतले आणि काय करणार ते मला सांगितलं. मला कुणी आधी सांगून हात लावल्याची ती पहिलीच वेळ. पोट चाचपून त्या आईला म्हणाल्या, आत कडक गोळा बसला आहे, वर जे पातळ होतं ते त्याच्या बाजूने झिरपून खाली येतं. "बच्ची को पता ही नहीं चलता. यह शरारत नहीं है. इसे डाँटिए मत." आई रडायला लागली. बाईंनी विचारलं, घरी काय काय देता. आईने एरंडेल सांगितलं, सोनामुखी सांगितली, शेवटी साबणही सांगितला. बाईंनी ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "साबुन आज से बंद. जहाँ कटा हुआ है, वहाँ आग लगती होगी." एक पांढऱ्या तेलकट औषधाची बाटली दिली. पाणी भरपूर, पपई, मनुका, भाजी. जेवण झालं की पाय जमिनीला टेकतील अशी बसवा, दहा मिनिटं, गोष्ट सांगा, झालं तर ठीक, नाही झालं तर ठीक. बरं व्हायला महिने लागतील. आणि रोज विचारू नका. आज नातसुनेला मी शेवटी फोन करून हेच सांगितलं, आणि म्हटलं, घरच्या घरी काही घालत बसू नकोस, उद्याच डॉक्टरकडे ने. ती म्हणाली, "आजी, तुम्हाला इतकं कसं माहीत?" मी म्हटलं, वय झालं की कळतं.

दवाखान्यातून येताना आई वाटेत थांबली आणि माझ्यासमोर वाकून म्हणाली, "अप्पांना सांगायचं नाही." मी का म्हणून विचारलं. "त्यांना न विचारता गेलो आपण. आणि कुणाच्या सांगण्यावरून गेलो, म्हणून सांगू?" बाटली तिने पिठाच्या डब्यामागे ठेवली. रोज दुपारी एक चमचा. आणि रविवारी तुमचं एरंडेल चालूच, आणि सोमवारी साबण. तिने एकदा म्हणून पाहिलं, "आज राहू द्यायचं का?" तुम्ही म्हणालात, "घट्ट धर." तिने धरलं. आग होते हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते मी तिच्या शेजारी उभी राहून ऐकलं होतं, आणि आम्ही दोघी गप्प होतो. घरात दोन बायका एक गोष्ट जाणत होत्या आणि ती तुम्हाला सांगायची आमची हिंमत नव्हती. मुलांना मी नेहमी सांगत आले की डॉक्टरांनी बजावूनही तुम्ही ऐकलं नाहीत. ते खरं नाही. तुम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. पण ज्याला काही सांगता येत नाही असा माणूस तुम्ही स्वतःच झाला होतात, ते तरी खरं आहे.

मग राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेर किती दिवस त्याचं दुःख करत होतं. माणसं दुकानांच्या फळ्यांवर बसून तेच बोलायची, आता या गावात काय उरलं म्हणून. तुम्ही ट्रंक भरत होतात. भोपाळला तुम्हाला एक खोली मिळाली, तीही दोघांत, म्हणून आम्ही लष्करातच राहिलो, जवळजवळ तीन वर्षं. राजधानी गेली म्हणजे काय झालं ते मला त्या वयात कळत नव्हतं. माझे रविवार सुटले एवढं कळलं. आईने कॅलेंडर बंबात घातलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी पूर्ण बरी झाले. शाळेत दुसऱ्या बाकावर बसायला लागले. आम्ही भोपाळला आलो तेव्हा तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, आणि आई म्हणाली, "रोज होते आता, सकाळी." तुमचा चेहरा उजळला. "शेवटी लागलं वळण," म्हणालात.

हे मी तुम्हाला माफ करू शकलेली नाही, साबणापेक्षाही हे. तुम्ही ते श्रेय आयुष्यभर मिरवलंत. माझ्या लग्नानंतर पहिल्या जेवणाला जावयाला वाढताना म्हणालात, "हिच्या पोटाचं फार होतं लहानपणी. मी मागे लागून लागून घालवलं." माझ्या नवऱ्याने मान डोलावली, मी कोशिंबिरीचं भांडं घेऊन आत गेले. माझी मुलगी झाली तेव्हा तुम्ही बाळंतविड्याच्या सामानात एरंडेलाची बाटली पाठवलीत, बुचाला मेण लावून, गळू नये म्हणून. ती मी मोरीत ओतली आणि तुम्हाला कळवलं, उपयोग होतो आहे.

निवृत्त होऊन तुम्ही ग्वाल्हेरला परत आलात, आई गेली, आणि तुमचं खुब्याचं हाड मोडलं. माझं सासर गावातच, मी रोज दुपारी यायचे. पडून पडून आणि दुखण्याच्या गोळ्यांनी तुमचं पोट साफ होईना. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी एनिमा द्यायला सांगितला, आणि तो द्यायला घरात मीच होते. तुम्ही म्हणालात, "दार लाव गं." मी म्हटलं, घरात कुणी नाही. खरंच कुणी नव्हतं. पण दार लावायला तीन पावलं टाकावी लागतात आणि ती मी टाकली नाहीत. माझे हात हळू होते, हे मी शपथेवर सांगते. तरी तुम्हाला लागलं. तुम्ही उशीत तोंड घातलंत. सगळं आवरून, तुम्हाला पुसून, धोतर बदलून मी पाणी दिलं, ते तुम्ही दोन घोट प्यालात. मग म्हणालात, "फार लागतं गं हे." मी म्हटलं, "हो." तुम्ही म्हणालात, "तुला लहानपणी असंच लागायचं का?"

इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट पाहत होते तो तुम्ही विचारला होतात. तुमचा हात चादरीवर होता, तो माझ्याकडे थोडासा सरकलेला होता. झडप, नळ, ती सफाईवाली बाई, डॉक्टरीणबाई, पिठाचा डबा, सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी म्हटलं, "आठवत नाही." तुम्ही डोळे मिटलेत. त्यानंतर तुम्ही तीन आठवडे होतात आणि पुन्हा विचारलं नाहीत.

हा कागद मी कुठे ठेवणार ते अजून ठरलेलं नाही. पाठवायला पत्ता नाही आणि मुलांच्या हाती लागावा असं वाटत नाही. एवढंच लिहून थांबते की मला सगळं आठवत होतं. सांगितलं असतं तर तुम्ही माफी मागितली असतीत, त्या दिवशी नक्की मागितली असतीत, आणि मग मला तुम्हाला माफ करावं लागलं असतं. ते मला करायचं नव्हतं.